गुंजदाणा

तुमसर,
१० डिसेंबर १९७९

ती. मधुकरभाऊ यांस इश्वरचा नमस्कार.

तुम्ही आईजवळ दिवाळी करून नागपूरला परत गेलात आणि पुढच्याच आठवड्यात आत्याबाईंना पुन्हा खोकल्यातून रक्त आले. डॉक्टरांनी विचारले, दोन्ही औषधे चालू आहेत ना? आत्याबाई म्हणाल्या, चालू आहेत. त्या शनिवारी मी बपेऱ्याला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा धानाच्या ढोलीमागे मला औषधाच्या पुड्या सापडल्या. मोजल्या. त्रेचाळीस होत्या. पांढऱ्या गोळ्या त्या नेमाने घेतात, जळजळीची पूड मात्र ढोलीमागे टाकतात.

मी म्हटले, "आत्याबाई, काहून लपवल्या?"

"तू घेऊन पाय एक दिवस. पोटात इंगळ पडल्यावानी होते. एक दवाई तं घेऊन राहिली ना मी? अर्धी तं अर्धी."

डॉक्टर म्हणाले, अर्धे औषध घेणे हे न घेण्यापेक्षा वाईट आहे. रोग त्याला सरावतो.

दिवाळीत तुम्ही ओट्यावर बसून आत्याबाईंना तुमचे संशोधन समजावून सांगत होता. खसखशीएवढा दाणा करायचा. त्याच्या एका अंगात गोळीचे औषध, दुसऱ्या अंगात पुडीचे. पहिले अंग पोटात उघडेल. दुसऱ्या अंगात लाख असेल, म्हणून ते पोटात विरघळणार नाही, पुढे आतड्यात जाऊन उघडेल. जळजळ नाही, आणि नको असलेले अर्धे वेगळे काढून फेकताही येणार नाही. पण तुमच्या प्रयोगशाळेत दोन्ही द्रव एकमेकांत मिसळून सगळा दाणा एकाच रंगाचा होतो, असे तुम्ही म्हणाला होता. तेव्हा मी काही बोललो नाही. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. पण लाखेच्या भट्टीवर मला सहा वर्षे झाली, आणि लाख माझ्या हाताला कळते.

तुम्ही गंमत दाखवायला आणलेली शेवाळाची पूड आणि क्षाराची बाटली इथेच राहिली होती. ती न विचारता वापरली, क्षमा असावी. पूड पाण्यात घोटली की खळीसारखी होते आणि तिचा थेंब क्षाराच्या पाण्यात पडताच गोठतो, हे तुम्हीच दाखवले होते. मी इंजेक्शनच्या दोन जुन्या सुया घासून त्यांची तोंडे सारखी केली आणि पितळी तारेने शेजारी शेजारी बांधल्या. एका सुईतून नुसती खळ, दुसरीतून सोड्याच्या पाण्यात विरघळवलेली लाख घातलेली खळ. दोन्ही मिळून टोकाला एकच थेंब होतो. पहिले बारा दिवस मिसळतच होते. तेराव्या दिवशी दाणा परातीत पडला तो अर्धा पांढरा, अर्धा तांबडा. मधली रेघ स्पष्ट होती. मी तो नखावर घेऊन उन्हात पाहिला. आत्याबाई म्हणाल्या, "हा तं गुंजीवानी दिसते." म्हणून मी वहीत त्याला गुंजदाणा असे नाव लिहून ठेवले आहे. औषध अजून घातलेले नाही, ते माझे काम नव्हे.

एक गोष्ट महत्त्वाची. या कामाला भट्टीचा चपडा, म्हणजे वितळवून पत्र्यासारखी ओढलेली लाख, घेऊ नये. सोन्यासारखा पिवळा रंग यावा म्हणून आमच्याकडे लाख वितळवताना तिच्यात हरताळाची पूड घालतात. फर्निचरच्या पॉलिशला त्याने काही बिघडत नाही, पण ते विष आहे. मी कुसुमाच्या झाडाची काडीलाख, म्हणजे फांदीवरची कच्ची लाख, वेगळी आणतो आणि तळ्यावर स्वतः धुतो. हरताळ घातल्याचे भट्टीचे शेठ गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, तेव्हा तुम्हीही कुठे बोलू नका. माझी नोकरी जाईल.

हे सर्व तुमच्या उपयोगाचे असेल की नाही, कळत नाही. नसल्यास रागावू नये.

आपला,
इश्वर


नागपूर,
२२ डिसेंबर १९७९

प्रिय इश्वर,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू काय केलं आहेस याची तुला कल्पना नाही! माझे मार्गदर्शक सर दीड वर्ष मला याच रेघेवरून बोलत आहेत. तू ती परातीत काढलीस.

आता नीट ऐक. प्रत्येक पायरी सविस्तर लिहून पाठव. द्रव किती घट्ट, सुया किती बारीक, थेंब किती उंचीवरून, सगळं. दाणे अजून बारीक करता आले तर पाहा. नमुना पाठव. पोस्टकार्ड वापरू नको, बंद पाकीट वापर.

हे काम छापून येईल तेव्हा त्यावर दोन नावं असतील, तुझं आणि माझं. हा माझा शब्द. शिवाय आमच्या विभागात प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा निघणार आहे. नववीची अडचण येईल, पण नाव छापलेल्या माणसाला कोण नाही म्हणेल? तू लाखेच्या धुरात जन्म घालवावास असं मला कधीच वाटलं नाही.

सरांना तुझं नाव अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहून सांगतो.

तुझा,
मधुकर


तुमसर,
८ जानेवारी १९८०

ती. मधुकरभाऊ यांस नमस्कार.

पत्र मिळाले. ते आत्याबाईंना वाचून दाखवले. तुम्ही त्यांच्या खोकल्याची इतकी काळजी केलीत, थंडीत तळ्यावर जाऊ नको असे बजावलेत, याने त्यांना फार बरे वाटले. पुन्हा वाच म्हणाल्या. दोनदा वाचले. आता पूडही घेतात, एक दिवसाआड.

सोबत पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत नमुना आहे. दाणे बारीक करण्याची युक्ती सापडली. सुयांच्या टोकाशी बाजूने सारखा वारा सोडला की थेंब मोठा होण्याआधीच तुटतो. सायकलच्या पंपाने वारा झटक्याझटक्याने येतो, म्हणून मी मध्ये एक जुनी ट्यूब भरून ठेवली आहे. तिच्यातून वारा एकसारखा येतो. आता दाणा खसखशीपेक्षाही लहान होतो. तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली तरी रेघ दिसावी.

दोन द्रव मिसळू नयेत याचे कारण घट्टपणात आहे. एक पातळ आणि एक दाट असला की दाट पातळाला गिळतो. दोन्ही सारखेच दाट हवेत. आम्ही भट्टीवर लाखेची तार ओढून पाहतो. तसेच दोन्ही खळींत काडी बुडवून वर उचलायची आणि तार तुटेपर्यंत अंक मोजायचे. दोन्हींचे अंक सारखे आले तरच सुईत भरायचे. माझे सात येतात. तुमच्याकडे यासाठी यंत्र असेल, पण यंत्र मिळेपर्यंत काडी चालेल.

एक विचारायचे होते. छापताना माझे नाव इंग्रजीत कसे लिहितात? रहांगडाले हे आडनाव मोठे आहे, चूक होण्याची भीती वाटते. शाळेतल्या दाखल्यावर जसे आहे तसे एका चिठ्ठीवर उतरवून सोबत ठेवले आहे. तीन वेळा तपासले आहे.

आपला,
इश्वर


नागपूर,
२० मार्च १९८०

प्रिय इश्वर,

दाणे उत्कृष्ट आहेत. औषध घालून पाहिलं, दोन्ही अंगं आपापल्या ठिकाणी उघडतात. काचेच्या भांड्यात पोटातल्यासारखं आम्ल घेऊन तपासलं. सर खूश आहेत.

आता घाई आहे. तू बांधलेली सुयांची जोडी आणि तुझी ती वही, ज्यात तू तारखेवार सगळं लिहितोस, दोन्ही लगेच पाठव. सरांना मूळ नोंदी दाखवायच्या आहेत. मूळ नोंदींशिवाय तुझं नाव घालायला ते तयार होणार नाहीत, एवढं लक्षात घे. रजिस्टर पोस्टाने पाठव.

जागेची जाहिरात पुढल्या महिन्यात.

तुझा,
मधुकर


तुमसर,
२ एप्रिल १९८०

ती. मधुकरभाऊ यांस नमस्कार.

वही आणि सुया आज रजिस्टरने पाठवल्या. पावती जपून ठेवली आहे. पाठवायला दहा दिवस लागले त्याबद्दल क्षमा असावी. वहीची दुसरी प्रत नाही. एकशे बारा पाने आहेत, उतरवून काढावी असा विचार होता, पण तुम्ही लगेच म्हणालात. शेवटच्या वीस पानांत शाई फुटली आहे, तो कागदाचा दोष आहे. काम झाल्यावर वही परत करावी, एवढी विनंती.

सुखरामकाका, म्हणजे आमचे भट्टीवाले, पाकिटावर मी पत्ता लिहीत असताना पाहत होते. म्हणाले, "का गा इश्वर, एवढं मोठं बुक कोणाले धाडून राहिला?"

मी म्हटले, "आतेभावाले. नागपूरले आमचं दोघांचं नाव छापून येणार आहे."

"पुढं कोणाचं येईन?"

"त्याचंच. तो शिकलेला आहे."

"आन् मांगं?"

"माझं."

ते हसले आणि भट्टीत फुंकणी घालत म्हणाले, "मांगची जागा लवकर सरते बाप्पा. पाय बरं, जागा धरून ठेवजो."

त्यांची चेष्टा मी मनावर घेतली नाही. आत्याबाईंना सांगितले की तुम्ही रामनवमीनंतर भेटायला येण्याचे लिहिले आहे. जमल्यास खरेच यावे.

आपला,
इश्वर


तुमसर,
१८ ऑगस्ट १९८०

ती. मधुकरभाऊ यांस नमस्कार.

एप्रिलपासून तुमचे पत्र नाही. मी मेमध्ये एक आणि जुलैमध्ये एक पाठवले. ती पोचली नसतील असे समजून मी मागच्या सोमवारी तुमसर रोड स्टेशनवरून गाडीने नागपूरला आलो. तुम्हाला माहीतच आहे. तरी मला जे समजले नाही ते लिहितो, कारण तिथे मला विचारता आले नाही.

शिपायाने तुम्हाला बोलावले. तुम्ही बाहेर आलात, आधी माझ्या पायांकडे पाहिलेत आणि मग माझ्याकडे. मी चपला बाहेर काढल्या होत्या. दाराशीच उभा होतो. तिथून मला टेबलावर आपल्या सुया दिसल्या. म्हणजे आपल्या नव्हेत, काचेच्या होत्या, कोणी कारागिराने फार सुंदर केल्या आहेत. दोन नळ्या शेजारी शेजारी, टोक एक, आणि बाजूने वाऱ्याची तिसरी नळी. मला इतका आनंद झाला की मी हसलो.

तेवढ्यात सर आले. त्यांनी विचारले, हे कोण? तुम्ही म्हणालात, "गावाकडचा माणूस आहे सर. लाख आणून देतो."

सरांनी मला विचारले, "लाख तुम्ही आणता का?"

मी "हो जी" म्हटले.

मी हो का म्हटले, याचा मी आठवडाभर विचार करतो आहे. ते खोटे नव्हते. पण त्यानंतर दुसरे काही बोलायला जागा राहिली नाही.

सर गेल्यावर तुम्ही चहा आणायला गेलात, तेव्हा टेबलावर छापील पाने होती. मला इंग्रजी समजत नाही, पण अक्षरे लागतात. वर सरांचे नाव होते. त्याखाली तुमचे. मी दुसरे पान उलटले, तिसरे उलटले, शेवटपर्यंत पाहिले. मी नीट पाहिले नसेल. माझे नाव दुसऱ्या कुठल्या पानावर असेल, किंवा पुढच्या अंकात यायचे असेल, तर तसे कळवावे.

पानांखाली माझी वही होती. तिच्यावर कोणीतरी गरम भांडे ठेवले होते, त्याचा गोल डाग पडला आहे.

आत्याबाईंना सांगितले की तुम्ही मला सगळीकडे फिरवून दाखवलेत.

आपला,
इश्वर


नागपूर,
२ नोव्हेंबर १९८०

प्रिय इश्वर,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. गैरसमज करून घेऊ नकोस. शास्त्रीय नियतकालिकात पदवी नसलेल्या माणसाचं नाव घालत नाहीत. मी प्रयत्न केला. शेवटच्या ओळीत 'तुमसर येथील एका लाख कामगाराचे आभार' असं छापलं आहे. तो कामगार तूच. ज्याला समजायचं त्याला समजेल.

साहाय्यकाच्या जागेवर मॅट्रिक झालेला मुलगा घेतला. माझ्या हातात नव्हतं.

आनंदाची गोष्ट अशी की १ डिसेंबरपासून इथल्या एका रुग्णालयात तीस रोग्यांना हे दाणे देणार आहेत. लाख पुष्कळ लागणार. पुन्हा पुन्हा तुला त्रास नको म्हणून तुझ्या शेठकडूनच चांगल्या प्रतीचा चपडा परस्पर मागवला. त्याचा रंग तुझ्या लाखेपेक्षा कितीतरी सुंदर आहे. दाणे अगदी सोन्यासारखे दिसतात.

त्यातली एक बाटली गावाकडे जाणाऱ्या माणसाबरोबर आईसाठी पाठवतो आहे. रोज दोन चमचे पेजेतून दे. पुड्या बंद कर. तिला काय होतं ते तारखेवार लिहून ठेव. तुझ्याइतकं नीट लिहिणारा दुसरा कोणी नाही.

दिवाळीला येणं जमत नाही.

मधुकर


तुमसर,
१० नोव्हेंबर १९८०

मधुकरभाऊ,

सकाळी केलेली तार मिळाली असेल. ती अपुरी वाटली असेल म्हणून हे सविस्तर लिहितो. ते दाणे कोणालाही देऊ नका. एकालाही नाही.

मी सहा तारखेला दिवाळीसाठी बपेऱ्याला गेलो, तेव्हा तुमचे पत्र माझ्या हाती आले नव्हते. बाटली चार तारखेलाच पोचली होती. आत्याबाईंनी माझी वाट न पाहता त्याच दिवसापासून घेणे सुरू केले होते. मी पोचलो तेव्हा त्या पोट धरून खाटेवर होत्या. उलट्या झाल्या होत्या. मी बाटली मागितली. त्या म्हणाल्या, "दवाईले नाव ठेवू नको. मधूनं धाडली आहे. माह्या मधूनं स्वतःच्या हातानं केली. जुनी दवाई जळे, हे थोडंसं दुखते, दुखू दे."

मी दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरले. एक अंग पांढरे, दुसरे सोन्यासारखे पिवळे. धुतलेल्या कुसुमाच्या लाखेचा दाणा कधी असा दिसत नाही, तो तांबूस येतो. मी चुलीतला एक निखारा बाहेर ओढून त्यावर चिमूटभर दाणे टाकले. लसणासारखा वास आला. हरताळ घातलेली लाख जळली की असाच वास येतो. भट्टीवरच्या कोणालाही विचारा. अंगणात लसूण नव्हता.

मी उरलेली बाटली उचलून घेतली आणि त्यांना डॉक्टरांकडे नेले. थोडक्यात निभावले. आता पेज पचते.

पहिल्याच पत्रात मी तुम्हाला लिहिले होते की भट्टीचा चपडा घेऊ नका, आणि का तेही लिहिले होते. ते पत्र तुम्ही चार वेळा वाचल्याचे कळवले होते. वहीत तर ते पहिल्याच पानावर आहे, लाल शाईने.

आज तारेचा कागद पुढे घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. माझ्या मनात काय आले तेही लिहितो, म्हणजे माझ्याबद्दल गैरसमज राहणार नाही. मनात आले की मी गप्प बसलो तर एक तारखेनंतर दाण्यांचे जे होईल ते तुमच्याच नावावर होईल. तुमचे आणि सरांचे, दोनच नावे आहेत. मला कोणी काही विचारणार नाही. तिथे फक्त एक लाख कामगार आहे. मग तीस जणांचा विचार आला. त्यांच्यापैकी कोणीतरी असेच म्हणेल, दुखते आहे, दुखू दे, मोठ्या डॉक्टरांनी दिले आहे. मग तार लिहिली.

आता मला नाव नको, जागा नको. वहीसुद्धा ठेवा. एकच मागतो. सरांना सांगा की हे कोणी कळवले. इश्वर रहांगडाले याने कळवले, एवढे एक वाक्य. मी लाख आणून देणारा आहे हे त्यांना ठाऊक आहे. लाखेतले काय घ्यावे आणि काय घेऊ नये हे मला कळते, तेही त्यांना ठाऊक व्हावे.

इश्वर


नागपूर,
२५ नोव्हेंबर १९८०

प्रिय इश्वर,

तुझी तार आणि पत्र वेळेवर मिळालं. फार मोठं संकट टळलं. त्याच दिवशी दाण्यांची तपासणी करून घेतली, तुझं म्हणणं बरोबर निघालं. रुग्णालयातला प्रयोग दोन महिने पुढे ढकलला आहे.

सरांना काय सांगायचं हा प्रश्न होता. बाहेरच्या माणसाने कळवल्यावर आम्हाला समजलं असं सांगितलं असतं तर माझी प्रबंधाची तीन वर्षं पाण्यात गेली असती. म्हणून मी सांगितलं की रंगावरून मलाच शंका आली आणि मीच तपासणी लावली. सर प्रसन्न झाले. म्हणाले, संशोधकाला अशीच नजर हवी. तू समजून घेशील. आपल्या घरात तू नेहमीच समजूतदार.

आता लाखेच्या शुद्धीकरणावर वेगळा लेख लिहावा असं सरांचं म्हणणं आहे. तेव्हा काडीलाख तू नक्की कशी धुतोस, किती पाण्यात, किती वेळा, कुठल्या महिन्यातली घेतोस, हे सविस्तर लिहून पाठव. वहीत ते फार त्रोटक आहे.

आईने दाणे चार तारखेपासून किती दिवस घेतले, किती चमचे, त्रास नेमका कधी सुरू झाला, हेही तारखेवार कळव. माणसावरची तेवढीच एक नोंद आपल्याकडे आहे. उपयोगी पडेल.

तिला यातलं काही सांगू नकोस. हे पत्र वाचून फाडून टाक.

मधुकर


बपेरा,
३० नोव्हेंबर १९८०

मधुकरभाऊ,

तुमचे पत्र शुक्रवारी मिळाले. काल संध्याकाळी दिवा लागण्याआधी, उजेड असतानाच, ते आत्याबाईंना वाचून दाखवले.

मला एक कबूल करायचे आहे. आजवर तुमची सगळी पत्रे मी त्यांना वाचून दाखवली, पण जशी होती तशी वाचली नाहीत. तुमच्या एकाही पत्रात त्यांची विचारपूस नव्हती. थंडीत तळ्यावर जाऊ नको, पूड घेत जा, तुझी आठवण येते, रामनवमीनंतर येतो, ही वाक्ये माझी होती. मी आदल्या दिवशी ती कागदावर लिहून पाठ करत असे, म्हणजे वाचताना अडखळू नये. तुमचे नाव घेऊन मी बोललो. हा माझा अपराध आहे.

काल एकही शब्द बदलला नाही, वाढवला नाही, गाळला नाही. तारखेपासून सहीपर्यंत वाचले. 'तिला यातलं काही सांगू नकोस' हेही वाचले.

त्या ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "झालं?"

मी म्हटले, "झालं."

"आंधीच्या चिठ्ठीत तं तो माह्याबद्दल पुसे. याच्यात काहून नाही पुसलं?"

"याच्यात पुसलं आहे, आत्याबाई. किती चमचे घेतले ते."

"आन् आंधी कोण पुसे?"

मी पत्राची घडी घालू लागलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "ते शेवटी काहीबाही वाचलं तू, सांगू नको म्हणून. ते पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचले. मग आणखी एकदा वाचायला लावले. त्या रडल्या नाहीत. मला वाटले होते रडतील, म्हणून मी पाण्याचा गडवा भरून जवळ ठेवला होता.

पत्र फाडलेले नाही. त्यांनी ते मागून घेतले. त्यांना वाचता येत नाही, तरी दोन्ही बाजू पाहिल्या आणि औषधाच्या डब्यात सर्वांत खाली ठेवले. मी कुसुमाच्या लाखेचे नवे दाणे करून देतो म्हटले, औषध घालायला डॉक्टरांना विचारतो म्हटले. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "दाणे आता नको. ती जुनी पुडी दे."

मी पुडी उघडून दिली. त्यांनी ती तोंडात टाकली, वरून पाणी प्यायल्या आणि डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जळते. जळू दे. हे काय आहे ते तं मालूम आहे मले." आज सकाळीही घेतली. माझ्यासमोर घेतली. ढोलीमागे मी पाहून आलो, तिथे काही नाही.

चमच्यांची नोंद मी ठेवली होती. ती पाठवणार नाही.

लाख कशी धुतात ते तुम्ही विचारले आहे. मी लिहायला बसलोही होतो, कारण विचारलेल्या गोष्टीचे उत्तर न देणे मला जमत नाही. अर्धे पान झाले होते. आत्याबाईंनी विचारले, काय लिहून राहिला? मी सांगितले. त्यांनी ते पान घेऊन चुलीत टाकले आणि म्हणाल्या, मी सांगते तसे लिही. तेव्हा पुढचे वाक्य त्यांचे आहे, मी फक्त उतरवून घेतले आहे:

"लाख कशी धुवाची ते पाहाचं असन तं बपेऱ्याले येजो, तळ्यात उतरजो, आन् पहिले इश्वरले त्याचं नाव पुसजो."

एवढेच.

इश्वर तुकाराम रहांगडाले